कावळा नेमका कुणाचं ऐकून शिवला?

शिक्षक मरत नाही. राजे मरतात आणि त्यांच्या पुतळ्यांवर कबुतरं बसतात. पैलवान मरतात आणि त्यांच्या मिशा तेवढ्या तसबिरीत उरतात. पण शिक्षक, आणि त्यातही लेकराचं बोट धरून पहिलं अक्षर गिरवून घेणारा शिक्षक, पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहतो. त्याला मरण नाही, नाही, नाही!

हे वाक्य माझं नव्हे. माझ्या आईच्या दहाव्याला वेदगंगेच्या काठावर निपाणीचे जमादार रवळू यांनी ते सकाळी छाती पुढं काढून म्हटलं आणि जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. दुपार कलली तरी पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा त्याच सगळ्यांच्या लक्षात आलं, की बाई खरोखरच जायला तयार नाही आणि ती जाईपर्यंत कुणालाच जेवता येणार नाही. अमरत्वातला हा उपवासाचा भाग भाषणात आला नव्हता.

माझ्या आईचं नाव गुणाबाई. सगळी निपाणी तिला आक्का म्हणायची, आणि मीही. चार वर्षांचा असताना मला तिच्याच वर्गात बसवलं. पहिल्या दिवशी मी तिला 'आई' अशी हाक मारली, तर दुपारपर्यंत सगळा वर्ग तिला आई म्हणू लागला. तिनं मला दाराबाहेर नेऊन सांगितलं, "शामू, एवढ्यांची आई व्हायला मला जमायचं नाही. त्यापरीस तू एकटा आक्का म्हण." हिशेब सरळ होता. तेव्हापासून मी घरीदारी आक्काच म्हणत आलो, आणि आई ही हाक आमच्या घरात वापरावाचून तशीच राहिली.

तिचा वर्ग बिगरीचा, म्हणजे पहिलीच्याही अलीकडचा. ज्यांना अजून वय नाही, अक्कल नाही आणि घरी ठेवायची सोय नाही अशी पोरं तिथं बसायची. अगदी तरुणपणी विधवा झाल्यावर तिनं बेळगावला जाऊन शिक्षण घेतलं आणि पहिलं महायुद्ध लागायच्या आधी ती या वर्गात शिरली. ती बाहेर पडली ते दुसरं महायुद्ध आटोपल्यावर. दोन्ही लढायांची तिनं फारशी चौकशी केली नाही. वर्गात रोज व्हायच्या त्या तिला पुरत.

वर्ग भरायचा तो तंबाखूच्या एका वखारीच्या मागच्या पडवीत. हंगामात तंबाखू कुटायला लागले की पडवीत तपकिरी धुरळा यायचा आणि सगळा वर्ग शिंकायला लागायचा. दुसऱ्या कुणा मास्तरानं वर्ग बंद केला असता. आक्कानं शिंकांवर अंक शिकवले. "जिनाप्पाच्या चार, रवळूच्या दोन, मिळून किती?" निपाणीची एक सबंध पिढी बेरीज करायला शिकली ती नाक धरून. अजूनही कुणी लागोपाठ शिंकला की आमच्याकडची म्हातारी माणसं मनातल्या मनात मोजतात.

नवं पोर रडायला लागलं तर ती त्याला कधी गप्प करायची नाही. दुसऱ्या रडणाऱ्या पोराशेजारी नेऊन बसवायची. थोड्या वेळानं दोघंही गप्प व्हायची, कारण दुसरा कसा रडतो ते प्रत्येकाला ऐकायचं असे. आणि कुणी हुंदके देत काही मागायला लागलं तर ती म्हणायची, "काय पाहिजे ते तोंडानं सांग. रडून सांगितलेलं मला ऐकू येत नाही." कानडी घरातल्या पोरांना हेच ती कानडीत सांगायची. तोंड मात्र दोन्ही भाषांत उघडावं लागे.

आता दहाव्याकडं वळू. निपाणीला नदी नाही, त्यामुळं मरणाऱ्याला शेवटचं पाणी घ्यायला यमगर्णीपर्यंत यावं लागतं. त्या दिवशी तिथं बैलगाड्यांची रांग लागली होती. बायकांनी अशा कामाला नदीवर यायची रीत नव्हती, पण आक्काच्या वर्गात मुलं-मुली एकाच पोत्यावर बसायची, म्हणून त्याही एका बाजूला येऊन बसल्या. कुणी त्यांना परत जा म्हटलं नाही. म्हणणार कोण? भटजीसुद्धा त्याच पोत्यावरचे.

मी मुलगा, म्हणून माझं डोकं सकाळीच भादरलेलं. चैत्राचं ऊन ताज्या गोट्यावर कसं लागतं हे ज्याचं त्यालाच कळतं. मी त्या काळी बेळगावात, शहापुरातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो आणि त्यांच्या साप्ताहिकात मोठमोठ्या माणसांना टोचणारं एक सदर लिहायचो. ती मोठमोठी माणसं ते साप्ताहिक वाचत नसत, त्यामुळं कुणालाच दुखत नसे आणि सदर चांगलं चाललं होतं. कावळा, पिंड, आत्मा यांवर माझा विश्वास होता असं नाही. पण डोकं भादरून उन्हात उभा असलेल्या माणसाच्या अविश्वासाला फारसा अर्थ उरत नाही.

भटजींनी पिंड मांडले, केळीचं पान ठेवलं आणि म्हणाले, "आक्कांना काय आवडायचं ते वाढा."

मी घरून ताकभात आणला होता. आक्का रात्री ताकभात खायची. मी तो वाढणार एवढ्यात जिनाप्पा पुढं आला. जिनाप्पा म्हणजे त्याच वखारीचा मालक, माझ्या शेजारी पोत्यावर बसणारा. "आमच्यात पिंड न्हाय, कावळा न्हाय," असं सकाळपासून सगळ्यांना सांगत होता, "मी नुस्ता आलोय." नुस्ता आलेल्या जिनाप्पानं पानावर चार होळग्या, म्हणजे पुरणपोळ्या, ठेवल्या. "आक्का आमच्या घरी आली की आमच्या आईला, अव्वाला, म्हणायची, 'कांदा-लसूण नसलेलं जेवण तेवढं मला मानवतं.' होळगी तिचा जीव की प्राण."

"काय सांगतोस!" रवळू जमादार म्हणाला, आणि त्यानं होळगीशेजारी वाटीभर सुकं मटण ठेवलं. "आमच्या आयेला म्हणायची, 'असं मटण आख्ख्या निपाणीत न्हाय.' हाड चोखून ठिवायची."

जिनाप्पानं तोंड फिरवलं. भटजींनी डोळे मिटले. भावकू नावाचा एक शेतकरी, तोही तिचाच विद्यार्थी, गर्दीतून वाट काढत आला आणि त्यानं ओंजळभर भाजलेल्या शेंगा ठेवल्या.

"अरे, तिला दात कुठं होते?" मी विचारलं.

"मला सोलाय लावायची, शामू. मग कुटून खायची. आमच्या उंबऱ्यावर बसून."

शेवटी वर्गातली मदतनीस नागुबाई आली. पोरांना आणणं-नेणं, पोती झटकणं हे तिचं काम. आक्काच्या बरोबरीनं म्हातारी झालेली. तिनं पदरातून कागदाची एक पुडी काढली आणि पानाच्या कडेखाली सारली.

"काय गं हे?"

"मशेरी."

"आक्का मशेरी लावायची?"

"मी कुठं तसं म्हणलं?" नागुबाई म्हणाली आणि जाऊन बसली.

मी ताकभाताचा डबा हातात धरून उभा. सदतीस वर्षं मी या बाईचा मुलगा होतो आणि तिला काय आवडतं याची माझ्याकडची माहिती सगळ्यांत कमी निघाली. होळगी, मटण, शेंगा आणि मशेरी यांच्यात ताकभात कुठं ठेवावा हेही कळेना. तो मी एका कोपऱ्यात ठेवला.

आम्ही मागं सरलो. कावळा आला. जवळच्या करंजावर बसला, मान वाकडी करून पानाकडं पाहिलं, खाली उतरला, पिंडापासून हातभर अंतरावर थांबला आणि परत करंजावर गेला. असं पुन्हा झालं. पुन्हा झालं. सावल्या पायाखालून सरकून दुसऱ्या बाजूला गेल्या. पोरंबाळं गाडीखाली झोपली. आणि दर थोड्या वेळानं जिनाप्पा सूर्याकडं बघायला लागला, कारण तो दिवस मावळल्यावर जेवत नसे.

भटजी हळूच माझ्याजवळ आले. "शामराव, शास्त्रात सोय आहे. दर्भाचा कावळा करू, पिंडाला लावू आणि मोकळे होऊ."

"मग तिला काय पाहिजे होतं ते कळणार कसं?"

"ते कळलंच पाहिजे असं शास्त्रात कुठंही म्हटलेलं नाही," भटजी म्हणाले. ते दमले होते.

त्यांचं बरोबर होतं. पण माझी गंमत अशी झाली होती, की त्या पानामुळं माझं कुतूहल जागं झालं होतं. या बाईनं आख्ख्या गावाला जन्मभर 'तुला काय पाहिजे?' असं विचारलं. तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला एकदाही आठवेना. मी बेळगावहून येताना विचारायचो, "आक्का, काय आणू?" ती म्हणायची, "तू ये म्हणजे झालं." आलो की म्हणायची, "आता परत कधी जाणार?" तिची काहीतरी इच्छा राहिली असणार. ती एका पक्ष्याला ठाऊक असण्याची शक्यता कितीही बारीक असली, तरी माझ्याकडं दुसरा साक्षीदार नव्हता. दर्भाचा कावळा मला काही सांगणार नव्हता.

"थांबू या," मी म्हणालो.

पोटात भूक असली की माणसाला दुसऱ्याची अपुरी इच्छा चटकन दिसते. रवळू म्हणाला, "ह्यात कोडं कसलं? शामरावचं लगीन! पोरगा सदतीस वर्षांचा, बिनलग्नाचा. कुठल्या आयेचा जीव अडकणार न्हाय?"

सगळ्यांच्या नजरा माझ्या गोट्यावर आल्या.

"ती मला लग्नाबद्दल कधी बोलली नाही," मी म्हणालो.

"म्हणूनच तर अडकलाय," बायकांतून आवाज आला. "बोलली असती तर मोकळी झाली असती."

"लग्न करतो म्हण की रं! तुझं काय जातंय?"

जाणार माझंच होतं, पण एवढ्या उपाशी माणसांपुढं वाद घालवेना. मी हात जोडून म्हणालो, "आक्का, मी लग्न करतो."

कावळा करंजावरून उठला आणि नदीपलीकडच्या झाडावर जाऊन बसला.

मग नागुबाई म्हणाली, "तिला पटलं न्हाय बघ. ती पोरीचा इचार करणार, तुझा न्हाय."

माझं म्हणणं मी मागं घेतलं. खोटं वाटेल, पण कावळा परत अलीकडं आला. तिथून पुढं मात्र कुणाचीच शंका उरली नाही, की इथं विचारपूस चालू आहे.

आता प्रत्येकजण नदीकडं तोंड करून ओठ हलवायला लागला. नागुबाई ओरडली, "मनातल्या मनात काय पुटपुटताय रं? मनातलं आक्काला कवा ऐकाय आलंय? तोंडानं सांगा!"

पहिला रवळू. पोलिसी टोपी काखेत धरून तो म्हणाला, "आक्का, बाजारात माळणींच्या पाट्यांतनं मी फुकटचं काय उचलणार न्हाय."

कावळ्यानं मान वाकडी केली.

"कवापासनं?" कुणीतरी विचारलं.

"फुडल्या बाजारापासनं."

"उद्याच गुरुवार, बाजार हाय की!"

"म्हणून तर फुडल्या म्हणलो."

कावळा पंख साफ करायला लागला. रवळूनं घाम पुसला. "बरं, उद्यापासनं! उद्यापासनं, आक्का!" कावळा खाली उतरला, पण पानाकडं पाठ करून बसला.

मग जिनाप्पा. आमच्यात कावळा न्हाय असं आणखी एकदा सांगून तो पुढं झाला. आक्काच्या पडवीवर पत्र्याचे तुकडे आणि गोणपाट होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पावसाळ्यात वर्ग गळायचा आणि पोरं कोरड्या बाजूला गोळा व्हायची. पडवी जिनाप्पाची.

"आक्का," जिनाप्पा म्हणाला, "निम्म्या पडवीवर कौलं घालतो."

कावळा वळला आणि एक उडी पुढं आला.

तंबाखूच्या व्यापाऱ्यांची एक रीत आहे. भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात आणि दाबून सांगतात. बघणाऱ्याला काही कळत नाही. जिनाप्पाचा उजवा हात आपोआप उपरण्याखाली गेला आणि बोटं हलायला लागली. समोर धरायला कुणाचा हात नव्हता.

"पाऊण," जिनाप्पा म्हणाला.

कावळा आणखी दोन उड्या पुढं.

जिनाप्पा थांबला. त्यानं डोळे बारीक केले. "बघू या, पाऊणातच पटतंय काय."

कावळाही थांबला. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मी पुढं आयुष्यात मोठे मोठे सौदे पाहिले, पण इतका तोलाचा पाहिला नाही.

"जिनाप्पा, सूर्याकडं बघ," रवळू म्हणाला.

"तू गप रं. सौद्यात घड्याळ बघणारा बुडतो."

तेवढ्यात भावकू बोलला. तो इतका हळू बोलायचा की पहिल्यांदा कुणाच्या ध्यानातच आलं नाही. "आक्का, माझ्या पोरीला, शालूला, बिगरीत धाडतो म्हणालो असतो. पर बारकं पोर सांभाळाय कोण न्हाय. आमी दोघंबी पानं बांधाय जातो." मग माझ्याकडं वळून तो म्हणाला, "शामू, तुझी आय दर ऐतवारी यायची. उंबऱ्यावर बसायची, शेंगा खायाची, जायाची. पोरीचं नाव काढायची न्हाय. मला वाटायचं, आज काढंल, उद्या काढंल. न्हाईच काढलं."

हे मला ठाऊक नव्हतं. रविवारी ती कुठं जाते हे मी कधी विचारलं नव्हतं. देवळात जात असेल असा माझा समज होता. मला भावकूला आणखी पुष्कळ विचारायचं होतं, पण नागुबाई उठून उभी राहिली होती.

"धाडतो म्हणालो असतो, घालतो म्हणालो असतो!" ती म्हणाली. "धाडणार कुठं? शाळंच्या बोर्डाचा साहेब परवा येऊन सांगून गेला. बाई गेली, बिगरी बंद. पोरं रोज सकाळी येत्यात, दाराम्होरं बसत्यात, उन्हं आली की उठून जात्यात. मी त्येंला काय सांगू?"

ही बातमी सगळ्यांना नवी होती. आणि मग सगळे एकदम बोलायला लागले.

"वर्गच न्हाय तर मी कौलं कशावर घालू?" हे जिनाप्पा. आवाजात दुःख होतं, आणि दुःखाच्या तळाशी थोडा सुटकेचा सूरही.

"बोर्डाला म्या बघतो!" हा रवळू. बोर्डाला बघण्याचा अधिकार जमादाराला नसतो.

"मग माझी पोरगी कुठं जायाची?" भावकू. हा पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला.

"कुणीतरी मास्तर मिळेपर्यंत वर्ग चालवायला माणूस नको काय?" भटजी.

"तुम्ही चालवा की!"

"मला दहाव्या-तेराव्यातून सवड कुठली?"

"शामूच घेईल. शिकलेला हाय."

"त्येला पोरं कळत्यात काय? त्येला बायको कळंना!"

त्याच वेळी एक कुत्रं, जे सकाळपासून सुक्या मटणाच्या वासावर गाडीखाली दबा धरून बसलं होतं, सरळ पानाकडं निघालं. सगळे 'हाड हाड' करत त्याच्याकडं वळले. कोण काय ओरडत होतं हे नक्की सांगता येणार नाही. कुत्र्याला चार ढेकळं बसली, ते पळालं, आणि आम्ही परत वळून बघतो तर पिंड विस्कटलेला. कावळा नदीवरून पलीकडं चाललेला, चोचीत काहीतरी घेऊन.

"शिवला!" भटजी ओरडले. "शिवला, शिवला!"

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. रवळू रडायला लागला. जिनाप्पानं सूर्य बघितला, तो अजून झाडाच्या वर होता, आणि त्यानंही डोळे पुसले. मला रडू यायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एकच प्रश्न घुमत होता.

"तो शिवला तेव्हा कोण काय बोलत होतं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"सांगा की. जिनाप्पा, तू काय म्हणत होतास?"

"मी कुत्र्याला हाड म्हणत होतो."

"त्याच्या आधी?"

"आधी काय तरी म्हणालो असंन." जिनाप्पाचा हात उपरण्याखाली होता.

"'सगळी घालतो' असं ओरडलास तू," भटजी म्हणाले. "मी ऐकलं."

"ते कुत्र्याला. ढेकळं सगळी घालतो, म्हणून!"

मी रवळूला विचारलं. तो म्हणाला, आपण त्या वेळी गप्प होतो. त्याला गप्प असलेलं कुणीच पाहिलं नव्हतं. भावकू म्हणाला, "मी म्हणालो, 'धाडतो, बारकं बी संगं धाडतो.' पर हळू म्हणालो. कावळ्याला ऐकाय गेलं नसंल."

मोठी मजेशीर अवस्था होती. घटकाभरापूर्वी प्रत्येकाला वाटत होतं, आक्कानं आपलंच ऐकावं. आता प्रत्येकाला मनापासून वाटत होतं, की दुसऱ्या कुणाचं तरी ऐकलं असावं.

मी पानाशी जाऊन बसलो आणि काय कमी झालंय ते बघितलं. पिंड मोडला होता. होळगीचा कोपरा तुटला होता, पण तो कुत्र्याच्या गडबडीत कुणाच्या पायानंही तुटला असेल. मटण सांडलं होतं. शेंगा होत्या तशा होत्या. ताकभाताला कुणी हात लावला नव्हता. मशेरीची पुडी तेवढी जागेवर नव्हती.

"नागुबाई, पुडी कुठाय?"

"मला काय ठावं?" ती नदीकडं बघत म्हणाली. "कावळा मशेरी लावतोय व्हय?"

"आणि शामराव," भटजी म्हणाले, "तुम्ही काय म्हणत होता?"

"मी?"

"'अरे, मग वर्ग मी घेतो!' असं ओरडलात तुम्ही. चांगलं ठणठणीत."

मी तसं ओरडलो होतो. वादाला कंटाळून, उन्हानं, भुकेनं. मी ते कावळ्याला उद्देशून म्हटलं नव्हतं हे मी परोपरीनं समजावलं. जिनाप्पा खूश होऊन म्हणाला, "साकु, साकु, पुरे! आता कुत्र्याला म्हणालास असं सांगू नको."

भटजींनी शेवटी निवाडा दिला. कुणाच्या बोलण्यानं कावळा शिवला हे ठरत नसेल, तर संशयाचा फायदा गेलेल्या माणसाला मिळाला पाहिजे. म्हणून सगळ्यांनी सगळं पाळायचं. "आणि आता जेवू या," ते म्हणाले. हा निवाडा शास्त्रात कुठं आहे हे मी विचारलं नाही. तो मला अजूनही कुठल्याही कोर्टापेक्षा बरा वाटतो.

मी बेळगावला पत्र टाकून रजा मागितली. मालकानं उलट कळवलं, की सदर बंद पडल्याबद्दल वाचकांचं एकही पत्र आलेलं नाही, तेव्हा सावकाश या. बोर्डानं नवा मास्तर देतो म्हटलं आणि दिला नाही. मी बिगरीत रुजू झालो.

पहिल्या दिवशी पडवी रडणाऱ्या पोरांनी भरली होती. आक्काची युक्ती मला पाठ होती. मी एका रडणाऱ्याशेजारी दुसरा रडणारा नेऊन बसवला. त्यांच्याशेजारी तिसरा बसवला. थोड्या वेळानं सगळा वर्ग एका सुरात रडायला लागला आणि वखारीतले हमाल कामं टाकून बघायला आले. युक्तीत काहीतरी होतं जे बाहेरून दिसत नव्हतं. नागुबाईनं येऊन दोघांनाच उलट्या तोंडांनी बसवलं आणि बाकीच्यांना बाहेर नेलं.

मृग लागायच्या आत जिनाप्पानं कौलं घातली. सबंध पडवीवर. कौलं जुन्या वखारीची होती आणि त्यांतली काही फुटकी होती, पण जिनाप्पाचं म्हणणं असं, की नव्याजुन्याचा उल्लेख सौद्यात झाला नव्हता. रवळूनं बाजारात पाट्यांतून उचलणं बंद केलं. आता माळणी त्याच्या घरी जाऊन देत. भावकूची शालू आली, आणि तिच्या कडेवर तो बारका भाऊही आला. हिचा नियम असा, की भाऊ जागा असला की ती शिकायची नाही आणि झोपला की लिहायला बसायची.

मी मात्र शोध सोडला नव्हता. यांतलं कुठलं आक्काचं? रविवारी मी भावकूच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचो, शेंगा खायचो आणि ती तिथं काय बोलायची ते विचारायचो. भावकू म्हणायचा, "पावसाचं बोलायची." जिनाप्पाला विचारलं, तर तो म्हणाला, कौलांबद्दल तिनं आयुष्यात चकार शब्द काढला नाही, उलट गळकी जागा पोरांना लांबी-रुंदी शिकवायला बरी पडते म्हणायची. नागुबाईला विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या आयेला काय पायजे होतं ते तुला ठावं न्हाय, आणि मला इचारतोस व्हय रं?" आणि पोती झटकायला लागली. तिचे दात त्या दिवशी काळे होते. मी त्याचा अर्थ लावायच्या फंदात पडलो नाही.

श्रावणातल्या एका दुपारी पाऊस उघडला होता. वखार बंद होती, म्हणून शिंका नव्हत्या. पोरं खाली माना घालून पाट्यांवर गिरवत होती. दगडी पेन्सिलींचा करकर आवाज सोडला तर पडवीत काही ऐकू येत नव्हतं. एका फुटक्या कौलातून ऊन आत उतरलं होतं आणि आक्का बसायची त्या चौरंगावर पडलं होतं. चौरंगावर मी बसलो होतो. इतके महिने मी तिथं बसत होतो, पण तिथून वर्ग कसा दिसतो हे मी तोवर पाहिलंच नव्हतं. एवढी डोकी, एकही माझ्याकडं न बघणारं. आणि मला एकदम असं वाटलं, की मी चुकीच्या जागी विचारत होतो. कावळा नव्हे, भावकू नव्हे. ती रोज इथं बसून हेच बघत होती. म्हणजे तिला जे हवं होतं, ते इथूनच कुठंतरी दिसत असणार. ते आता, या क्षणी, माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं. मी श्वास रोखला. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी थोर सुचणार होतं.

कुणीतरी माझं धोतर ओढलं. भाऊ पोत्यावर झोपला होता आणि शालू पाटी घेऊन समोर उभी होती.

"मास्तर," ती म्हणाली, "पाटी पुसायची हाय. माझी थुकी संपली. तुमची वाईच द्या की."